निवडुंगावरचा डाग: उन्हाचा, किडीचा की कुजेचा?

तुमच्या प्रश्नातून मला जे समजले ते आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाला आहे हे स्पष्ट राहील. तुमच्याकडे तीन निवडुंग आहेत आणि महिन्यापूर्वी तुम्ही ते घरातून गच्चीवर हलवले. त्यानंतर गोल, सोनेरी काट्यांच्या बॅरल कॅक्टसच्या एका अंगाला पांढुरका चट्टा उठला आणि पंधरा दिवसांत तो तपकिरी झाला. लहानशा मॅमिलेरियाच्या काट्यांमध्ये कापसाचे बारीक पुंजके दिसू लागले. खांबासारखा उंच वाढणारा सेरियस बुंध्याकडून तपकिरी पडत चालला आहे आणि त्याचे अंगही सुरकुतले आहे. तुम्ही तिन्ही झाडांवर एकच कीटकनाशक फवारले, सुरकुतलेल्या सेरियसला पाणी वाढवले, आणि तरीही फरक पडला नाही म्हणून आता कोणते औषध द्यावे असे विचारले आहे.

औषधांची नावे पुढे येतीलच, परंतु अडचण औषधाची नाही, निदानाची आहे. वर्णनावरून ही तीन झाडांची तीन निरनिराळी दुखणी दिसतात आणि त्यांतल्या एकाचा उपाय दुसऱ्याला थेट अपायकारक आहे. उन्हाने भाजलेल्या झाडाला कीटकनाशकाचा काडीचाही उपयोग नाही. मुळे कुजलेल्या झाडाला पाणी देणे म्हणजे कूज वाढवणे. आणि कीड लागलेले झाड नुसते सावलीत नेल्याने कीड तेवढी आरामात वाढते.

निवडुंगाच्या बाबतीत चूक होण्याचे एक खास कारण आहे. इतर झाडांचे पान बिघडले तर ते गळून जाते आणि झाड नवे पान काढते. निवडुंगाचे हिरवे खोड हेच त्याचे पान असते, त्यामुळे त्यावर एकदा पडलेला डाग झाड जगेल तोवर तसाच राहतो. म्हणून कोणताही डाग पाहिला की मी स्वतःला आधी एवढेच विचारतो, की हे आज चालू असलेले दुखणे आहे की बऱ्या झालेल्या जखमेचा व्रण आहे. माझ्याकडे लोक जी झाडे दाखवायला आणतात, त्यांतली बरीच झाडे मूळ दुखण्यापेक्षा त्या व्रणावर केलेल्या उपचारांनीच जास्त खचलेली असतात.

हे ठरवण्यासाठी मी तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे डाग कुठे आहे: फक्त उन्हाच्या बाजूला, शेंड्याच्या कोवळ्या भागावर, काट्यांच्या मुळाशी, की मातीलगत. दुसरी म्हणजे तो हाताला कसा लागतो. यासाठी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने काट्यांच्या मधून डागावर हलकेच दाबतो आणि मग शेजारच्या हिरव्या भागावर तितक्याच जोराने दाबून दोन्हींची तुलना करतो. तिसरी म्हणजे तो वाढतो आहे का. डागाच्या कडेवर, निरोगी आणि बिघडलेल्या भागांच्या अगदी सीमेवर, मार्कर पेनाने तीन-चार ठिपके देतो आणि आठवड्याने पाहतो. डाग ठिपक्यांच्या आतच असेल तर घाई नसते. ठिपके डागाने गिळले असतील तर त्याच दिवशी हालचाल करावी लागते. अर्थात डाग मऊ असेल, तर आठवडाभर थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

आता एकेका दुखण्याकडे वळतो. तुमच्या बॅरल कॅक्टसचा चट्टा ज्या क्रमाने बदलला, म्हणजे आधी पांढुरका, मग पिवळट आणि मग कोरड्या तपकिरी कागदासारखा, तो क्रम उन्हाने भाजल्याचा आहे. घरात वाढलेल्या झाडाची त्वचा पातळ असते, तिच्यावर मेणाचा थर कमी असतो आणि तीव्र प्रकाश झेलणारी रंगद्रव्येही पुरेशी तयार झालेली नसतात. शिवाय निवडुंग पाणी वाचवण्यासाठी आपली पर्णरंध्रे दिवसा बंद ठेवतो आणि रात्री उघडतो, त्यामुळे पानांची झाडे बाष्प सोडून जशी स्वतःला थंड ठेवतात तशी सोय त्याला दुपारी नसते. वाळवंटातले झाड असल्यामुळे त्याला कितीही ऊन चालेल, हा समज म्हणूनच फसवा आहे. उघड्यावर वाढलेला निवडुंग ज्या उन्हात खुशाल राहतो, त्याच उन्हात त्याच जातीचा घरात वाढलेला निवडुंग एका दुपारीत भाजू शकतो.

उन्हाच्या डागाची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे त्याची दिशा. तो झाडाच्या एकाच अंगाला असतो, आणि कुंडी हलवली नसेल तर ते अंग दुपारच्या उन्हाकडे असते. जवळून पाहिलेत तर आणखी एक गोष्ट दिसेल: जाड काट्याची किंवा शेजारच्या कुंडीची सावली ज्या ठिकाणी पडत होती, तिथे हिरवा रंग टिकलेला असतो. कीड किंवा बुरशी अशी सावली ओळखून थांबत नाही. असा डाग टणक राहतो, वाढत नाही, आणि त्यावर कोणताही उपचार नसतो. झाड काही आठवडे दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवा आणि मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू प्रकाश वाढवत न्या. नवी वाढ शेंड्याकडून होत असल्यामुळे चट्टा वर्षानुवर्षांत खाली सरकत जातो. शेंडाच भाजला असेल तर मात्र त्या झाडाची वाढ थांबू शकते. अशी झाडे पुढे बाजूने पिल्ले काढताना मी पाहिली आहेत, पण त्याची खात्री देता येत नाही. उन्हात झाडाला नुसती लालसर किंवा जांभळट झाक आली असेल, तर ते भाजणे नव्हे. निवडुंगातली बीटालेन नावाची रंगद्रव्ये तेव्हा वर आलेली असतात आणि सावली मिळाली की ती झाक ओसरते.

बुंध्याच्या तपकिरी रंगाबद्दलही एक खुलासा इथेच करतो. बऱ्याच निवडुंगांना वयोमानाने खालून साल धरते. ही साल कोरडी आणि टणक असते, रंगाने राखाडी-तपकिरी असते, मातीपासून सुरू होऊन बुंध्याभोवती साधारण सारखी वर येते आणि तिला वर्षे लागतात. हे म्हातारपण आहे, रोग नव्हे. तुमच्या सेरियसचा तपकिरी रंग एका महिन्यात दिसण्याइतका चढला आणि झाड त्याच वेळी सुरकुतले, म्हणून तो मी या वर्गात घालत नाही.

किडींमध्ये सर्वांत नेहमीची म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला सगळे मिलीबग म्हणतात. मॅमिलेरियावरचे कापूस बहुधा तेच आहे, पण एक खात्री करून घ्या. मॅमिलेरियाच्या अनेक जातींना अंगावरच्या बोंडांसारख्या उंचवट्यांच्या बेचक्यांत स्वतःचीच पांढरी लोकर असते. ती सगळीकडे सारख्या नमुन्याने येते आणि टोकदार काडीने ओढली तर सुकी, धाग्यासारखी निघते. किडीचा कापूस वेडावाकडा, कुठे आहे कुठे नाही असा असतो. काडीवर चिकट येतो आणि त्याखाली तीन-चार मिलिमीटरचा गुलाबी-राखाडी, मऊ किडा सापडतो. कुंडीवर मुंग्यांची ये-जा सुरू झाली असेल तर संशय आणखी पक्का होतो, कारण या किडीतून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या येतात. झाडे थोडी असतील तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला बारीक ब्रश हा माझा पहिला उपाय असतो. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, प्रत्येक पुंजक्याला ब्रश टेकवायचा आणि दर आठ-दहा दिवसांनी, निदान तीन वेळा, तेच पुन्हा करायचे. पुन्हा करणे महत्त्वाचे आहे, कारण एक मादी शेकडो अंडी घालते आणि त्या कापसाच्या आवरणातली अंडी पहिल्या हातात सगळी मरत नाहीत. तुमच्या एका फवारणीने फरक पडला नाही, यामागेही हेच कारण असू शकते. शिवाय आवरणावरून द्रव ओघळून जातो, म्हणून नुसते स्पर्शजन्य, म्हणजे किडीच्या अंगाला लागले तरच मारणारे, औषध इथे कमी पडते. झाडे जास्त असतील तर इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे, कीटकनाशक, वेष्टनावर दिलेल्या प्रमाणातच, मातीतून देता येते. पण झाड ते मुळांवाटे घेते, म्हणून मुळे जिवंत आणि वाढ चालू असतानाच त्याचा उपयोग होतो. झाड फुलावर असेल तर ते देऊ नये, कारण हे औषध मधमाश्यांना घातक आहे.

याच किडीचे मुळांवर राहणारे भाऊबंद अधिक त्रासदायक असतात, कारण ते दिसत नाहीत. झाड वर्षभर काही कारण नसताना थिजल्यासारखे वाटले, तर कुंडीतून काढून पाहावे. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पिठाचे निळसर-पांढरे ठिपके दिसले तर निदान झाले. अशा वेळी मी सगळी माती टाकून देतो, मुळे धुतो, झाड काही दिवस सुकवून नव्या मिश्रणात लावतो.

खवले कीड ओळखायला सोपी आहे. एक-दोन मिलिमीटरच्या गोल, राखाडी-पांढऱ्या टिकल्या खोडाला चिकटलेल्या असतात आणि नखाने खरवडल्यावर अलगद सुटतात. डाग खरवडून सुटत नाही, कीड सुटते. फक्त अॅस्ट्रोफायटम नावाच्या निवडुंगाच्या अंगावरचे पांढरे ठिपके खरवडू नका, ते त्याचे जन्मजात आहेत. फड्या निवडुंगावर कापूस दिसला आणि तो चिरडल्यावर बोटाला गडद लाल रंग लागला, तर तो कोचिनीलच्या, म्हणजे ज्याच्यापासून लाल रंग काढतात त्या किड्याच्या, कुळातला असतो. १७९५ साली उत्तम रंग देणारा कोचिनील समजून भारतात आणलेला किडा याच कुळातल्या दुसऱ्या जातीचा निघाला. रंग हवा तसा मिळाला नाही, पण फड्या निवडुंगाची बेटेच्या बेटे त्याने संपवली. तेव्हा या किडीला साधी समजून रेंगाळू नये.

लाल कोळ्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण जाणकार माणसेही त्याला उन्हाचा डाग समजून सोडून देतात. हा जीव अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. तो पेशींतला रस शोषतो आणि त्या जागी त्वचा गंजल्यासारखी, बारीक दाणेदार, राखाडी-तपकिरी होते. फरक ओळखायचा तो जागेवरून: कोळ्याला कोवळी त्वचा हवी असते, म्हणून त्याचा गंज शेंड्याभोवती सुरू होतो आणि झाडाच्या सर्व बाजूंना असतो. उन्हाचा चट्टा एका बाजूला, म्हातारपणाची साल खालून, आणि कोळ्याचा गंज वरून, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळतो. खात्रीसाठी शेंड्याखाली पांढरा कागद धरून काट्यांवर हलकी टिचकी मारा आणि कागदावर पडलेली धूळ दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. धुळीचे कण चालू लागले तर ते कोळी आहेत. काट्यांमध्ये अगदी तलम जाळीही कधी दिसते, पण तिची वाट पाहू नये. कोळी हा कीटक नव्हे, अष्टपाद आहे, त्यामुळे इमिडाक्लोप्रिड त्याच्यावर चालत नाही. त्यासाठी अबामेक्टिनसारखे कोळीनाशक किंवा पाण्यात मिसळणारे गंधक लागते, आणि गंधक कडक उन्हात फवारले तर त्यानेच झाड भाजते. उष्ण, कोरड्या हवेत कोळ्याची नवी पिढी आठवड्या-दहा दिवसांत तयार होते, म्हणून इथेही एक फवारणी पुरत नाही.

इथवरचे दुखणे रूप बिघडवते, क्वचितच घाईने जीव घेते. कूज मात्र जीव घेते, आणि तुमच्या तीन झाडांपैकी मला खरी काळजी सेरियसची आहे.

सुरकुतणे हे लक्षण दोन अगदी उलट कारणांनी येते. एक, मातीत पाणी नाही. दोन, मातीत पाणी आहे पण ते घ्यायला मुळे उरलेली नाहीत. बाहेरून दोन्ही झाडे सारखीच दिसतात. अनेक वर्षे वाढवलेला एक उंच सेरियस मी असाच गमावला आहे. तो सुरकुतला तेव्हा मी पाणी दिले. भरला नाही म्हणून आठवड्याने पुन्हा दिले. आणि तिसऱ्या पाण्यानंतर एका सकाळी तो मातीलगत मोडून पडलेला होता. मोडलेल्या जागी हिरवे काही उरले नव्हते, मधल्या लाकडाच्या काड्या तेवढ्या ओल्या, काळ्या लगद्यात उभ्या होत्या. पहिल्या पाण्यानंतर पाच-सहा दिवसांत तो भरला नाही, तेव्हाच कुंडीतून बाहेर काढला असता तर वरचा चार फूट निरोगी भाग वाचला असता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: सुरकुतलेल्या निवडुंगाला एकदाच पाणी द्यायचे, आणि आठवड्यात तो फुगला नाही तर दुसरे पाणी न देता मुळे पाहायची.

म्हणून तुम्ही सेरियस आजच कुंडीतून काढा. जाड वर्तमानपत्राच्या पट्ट्यात झाड धरले म्हणजे काटे लागत नाहीत. निरोगी मुळे फिकट आणि चिवट असतात. कुजलेले मूळ तपकिरी असते आणि चिमटीत ओढले की त्याची बाहेरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरतो. नुसती मुळे गेली असतील आणि बुंधा टणक असेल, तर मेलेली मुळे कापून, झाड एक-दोन आठवडे सावलीत सुकवून, कोरड्या मिश्रणात पुन्हा लावता येते. बुंधा मऊ असेल, अर्धपारदर्शक किंवा ओलसर काळा दिसत असेल, आंबूस वास येत असेल, तर कापण्यावाचून इलाज नाही. बुरशीनाशक ओतून आतली कूज थांबल्याचे मी तरी पाहिलेले नाही. एक सावधगिरी: जुनी कूज कधी आतल्या आत सुकून जाते आणि बुंधा बाहेरून टणकच लागतो, म्हणून मुळे सगळी गेलेली असतील तर टणक बुंध्याचाही एक पातळ काप घेऊन आत पाहावे.

कापताना सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा, नाहीतर सुरीच कूज वर घेऊन जाते. दिसणाऱ्या खराब भागाच्या बऱ्याच वर पहिला काप घ्या आणि कापलेल्या तोंडाकडे नीट पाहा. मधोमध गर, त्याभोवती वाहक उतींचे, म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे, एक कडे आणि बाहेर हिरवट-पांढरा मांसल भाग, अशी त्याची रचना असते. बाहेरचा भाग पूर्ण स्वच्छ दिसला तरी त्या कड्यात एखादा नारिंगी किंवा लालसर-तपकिरी ठिपका असेल, तर काम झालेले नाही. फ्युजेरियमसारखी बुरशी त्या नळ्यांतूनच वर चढते, आणि ठिपका सोडला तर दोन महिन्यांनी झाड वरून कुजताना दिसते. एक-एक बोट वर सरकत, कडे सगळीकडे एकाच फिकट रंगाचे दिसेपर्यंत कापत राहावे लागते. हा उंचीचा मोह सोडणे जड जाते, हे मी जाणतो. पण एक ठिपका राखून वाचलेले झाड माझ्याकडे एकही नाही.

स्वच्छ तोंड मिळाल्यावर त्याची कडा पेन्सिलीला टोक काढतो तशी चोहोबाजूंनी थोडी तासा. सुकताना मधला भाग आत ओढला जातो आणि कडा वर राहते. नवी मुळे मात्र त्या मधल्या कड्यातून फुटतात, म्हणून ते मातीच्या जवळ असायला हवे. तोंडावर गंधकाची भुकटी लावून खांब सावलीत, हवेशीर जागी, शक्यतो उभाच ठेवा. आडवा ठेवला तर शेंडा प्रकाशाकडे वाकतो. किती दिवस सुकवावे हे जाडीवर आणि हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून आहे: अंगठ्याएवढ्या फांदीला आठवडा पुरतो, मनगटाएवढ्या खांबाला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोंड दाबल्यावर चामड्यासारखे कोरडे लागले पाहिजे.

प्रश्नात न आलेली पण निदान बदलू शकणारी माहितीही सांगतो. तुमचे मिश्रण किती निचऱ्याचे आहे, कुंडीला भोके किती आहेत, आणि हलवण्यापूर्वी पाणी किती दिवसांनी मिळत होते, हे मला ठाऊक नाही. कोकोपीटच जास्त असलेल्या मिश्रणात मुळे आधीच कुजत असतील आणि गच्चीवरच्या उन्हाने ती गोष्ट फक्त उघडी पाडली असेल, असेही शक्य आहे. तसे असेल तर बॅरल आणि मॅमिलेरियाच्या मुळांकडेही एकदा पाहावे लागेल, कारण तिघांचे मिश्रण तुम्ही एकाच वेळी केले असण्याची शक्यता आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आज सेरियस. त्याच संध्याकाळी मॅमिलेरिया बाकीच्यांपासून वेगळा करून अल्कोहोलचा पहिला हात. बॅरलवर मार्करचे ठिपके देऊन तो दुपारच्या सावलीत, आणि त्याच्यावर पुन्हा काहीही फवारायचे नाही. साबण किंवा तेल असलेल्या फवारणीने त्वचेवरचे मेण जाते आणि पुढचे ऊन त्याला आणखी सहज भाजते. आठवड्याने ठिपके ओलांडले गेले किंवा चट्टा दाबून मऊ लागला, तर भाजलेल्या जागेतून कूज शिरली असे समजून तेवढा भाग निरोगी गरापर्यंत कोरून काढा आणि उघडा सुकू द्या.

सेरियसचा सुकलेला खांब भरड, कोरड्या मिश्रणात जेमतेम उभा राहील एवढाच रोवा आणि काठीचा आधार द्या. पहिले दोन आठवडे पाणी देऊ नका, नंतर थोडे थोडे द्या. दीड-दोन महिन्यांनी खांब हलकेच वर ओढून पाहा. मातीने त्याला धरून ठेवल्याचे जाणवले तर मुळे फुटली आहेत आणि नेहमीचे पाणी सुरू करायला हरकत नाही.